उभा नाही, अडकलाय!

मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे आणि मी भयंकर चिडले आहे. गोडगोड ऐकायचं असेल तर त्या झोपाळ्याकडे जा!

माझ्यात पहिल्यांदा बसली ती या घरातली मुलगी. जरा कंटाळली की खुळखुळा फेकून असं भोकाड पसरायची, की आई धावत येऊन तिला उचलायची. ती मोठी झाली आणि मी खुळखुळ्यासकट माळ्यावर गेले.

मग बटाट्याला, म्हणजे यांच्या कुत्र्याला, स्कूटरने उडवलं. मागचे पाय कायमचे लुळे पडले. बाबांनी मला खाली काढलं, कापलं, दोनच चाकं ठेवली आणि पट्ट्यांची झोळी लावली. पुढचे पाय त्याचे, मागचे मी! मुलीने बिस्किटं दाखवत त्याला वळायला शिकवलं. आधी तो प्रत्येक दारात अडकायचा. नंतर मांजरामागे असा सुटला, की गल्ली बघतच राहिली. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पण या शहाण्यांनी मला खरे पायच समजून टाकलं. सकाळी बटाट्याला माझ्यात बांधायचं ते थेट संध्याकाळी सोडायचं.

"किती गुणी! दिवसभर उभा असतो," आत्या म्हणाली.

"नाहीतर आमच्या बाईसाहेब! गादी दिसली की आडव्या," बाबा मुलीकडे बघत म्हणाले.

गुणी कसला, डोंबल! माझ्यात बसता येत नाही, लवंडता येत नाही. त्याचे पुढचे पाय लटलटत होते. पट्ट्यांखाली कातडी सोलवटली होती. मी जीव तोडून करकरले, तर बाबांनी काय करावं? चाकांना तेल घातलं!

एका दुपारी तो उभ्याउभ्या झोपला आणि तोंडावर आपटला. मुलगी धावली. पट्टी सोडताच लालभडक जखम दिसली.

"बाबा, हा उभा नाहीये, अडकलाय! मी रडले की मला गाडीतून काढायचात ना?"

"अगं, पण तो कधी कुरकुरलाच नाही."

"मग शिकवते मी त्याला!"

जखम भरेपर्यंत तिने त्याला माझ्यात बांधू दिलं नाही. मग तोच खुळखुळा माझ्या दांड्याला बांधला. बटाट्याने तो तोंडाने ओढला की लगेच सुटका आणि वर बिस्कीट. पठ्ठ्या पटकन शिकला.

काल खुळखुळा वाजला, तर आत्या म्हणते, "आत्ताच तर बांधलंय, थांब की!"

त्याने पुन्हा ओढला. मीही करकरले. मुलगी आतून ओरडली, "आत्या, काढ आधी!"

मित्रांनो, जो ओरडत नाही त्याला दुखत नाही, असं समजू नका. आणि आमच्यासारखी गाडी करकरली, तर आधी पट्टा सोडा. तेलाचं नंतर बघू!