तिसऱ्या बाकाकडे बघणाऱ्या बाई

ऐक, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. माझी धाकटी मावशी शाळेत भूगोल शिकवते ना, तिला थायरॉइड. शरीर स्वतःच्याच मुळावर उठतं ना, त्यातला. तो गेला डोळ्यांवर. डोळे आले पुढे, पापण्या चढल्या वर, आणि सगळं दिसतं दोन-दोन. साधं बघितलं तरी डोळे वटारल्यासारखं वाटतं. पोरांनी नाव ठेवलं टॉर्च. मग आईबापांच्या तक्रारी, मग मोठ्या बाईंचं बोलावणं.

"नीट दिसतं ना तुम्हाला? या परीक्षेत एकतरी कॉपी धरून दाखवा, वर्ग तुमचा. नाहीतर सोमवारपासून वाचनालय सांभाळा."

आणि वर्ग म्हणजे मावशीचा जीव की प्राण.

परीक्षेला मावशी खुर्चीत बसली. डावीकडे बघावं तर बाकं दोन, वर बघावं तर घड्याळं दोन. पण हनुवटी जरा उचलून तिसऱ्या बाकाकडे बघितलं, की दोनाचं एक व्हायचं. मग काय, नजर तिथंच ठेवली. पापणी तर तशीही धड लवत नाही. त्या बाकावर एक वेणीवाली. तिला दरदरून घाम. शेवटी उठली, टेबलापाशी आली, मोज्यातून चिठ्ठी काढून ठेवली.

"बाई, आता नका ना बघू. अजून उघडलीसुद्धा नाहीये."

मावशीला चिठ्ठ्याही दोन दिसल्या. एक डोळा हातानं झाकला, तेव्हा कळलं, एकच आहे. आयती चालून आलेली कॉपी, बघ. दाखवली की पेपर रद्द मुलीचा, वर्ग मावशीचा.

"मी तुझ्याकडे बघतच नव्हते गं."

"मग?"

"तुझ्या बाकावर मला एकच दिसतं."

मुलीला ओ की ठो कळलं नाही.

"जा, लिही," म्हणत मावशीनं चिठ्ठी डोळ्यांच्या औषधाच्या डबीत कोंबली.

पेपर संपला तशा मोठ्या बाई दारात. "शेजारी चार धरले. तुमच्याकडे?"

"एकही नाही."

"नव्हती, की दिसली नाही?"

"दिसली नाही," मावशी म्हणाली. आणि यात खोटं काय होतं, सांग. तिनं कुठं पकडली, मुलीनंच तर आणून ठेवली.

सोमवारपासून मावशी वाचनालयात. वेणीवाली रोज पुस्तक बदलायला येते, अर्धं वाचलेलं असलं तरी. मावशी म्हणते, इथं उजेड बरा आहे. मी असते तर बहुतेक चिठ्ठी दाखवून मोकळी झाले असते. तू काय केलं असतंस?