लाटण्याची गाठ

एक्स-रे सेंटरमध्ये लाटण्याचं काय काम, असं नवा माणूस हमखास विचारायचा. काम होतं, आणि चांगलं मोठं काम होतं. आतल्या खोलीत फोटो काढायचं मशीन. त्याला जोडलेला कॉम्प्युटर मशीनच्याच वयाचा, म्हणजे म्हातारा. त्याला इंटरनेट झेपत नव्हतं म्हणून कधी दिलंच नव्हतं. बाहेर काउंटरवर दुसरा कॉम्प्युटर, त्याला इंटरनेट. आतला फोटो बाहेर न्यायचा तर पेनड्राइव्ह लागायचा. आणि पेनड्राइव्ह ही चीज अशी, की चुकून खिशात जाते आणि खिशातून घरी जाते. अशा काही गेल्या, तेव्हा फोटोवाल्या काकांनी घरून एक जुनं लाटणं आणलं, त्याच्या एका मुठीला सुतळीने पेनड्राइव्ह बांधला आणि मुठीशेजारी चिकटपट्टी लावून लिहिलं, ‘घरी न्यायचा नाही’. आता लाटणं खिशात घालून घरी जाईल असा कोण मायेचा पूत आहे?

गाठ काकांचीच. त्यांचे वडील ट्रकवर ताडपत्र्या बांधायचे, त्यांच्याकडून शिकलेली. ओढाल तेवढी आवळत जाणारी. सोडवायची तर ओढून उपयोग नाही, टोक उलटं आत ढकलावं लागतं, आणि नेमकं कुठून ढकलायचं ते काकांशिवाय कोणाच्या बापाला माहीत नव्हतं. सेंटरच्या मालकीण डॉक्टरीणबाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणायचे, एकदा ती गाठ सोडवायला बसल्या आणि नख मोडून घेऊन उठल्या. तेव्हापासून त्या म्हणायच्या, “आमचं कुलूप एकच, काकांची गाठ.”

काकांना ते ऐकून बरं वाटायचं. का वाटू नये? उभा जन्म लोकांच्या छात्या आणि हाडं बघण्यात गेला, पण कोणाचं काय निघालं ते या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. काउंटरवर बसणारी पोरगी दिवसभर बडबडायची, तिला सगळे टकळी म्हणायचे. तिने कधी पेनड्राइव्ह जरा सैल सोडला, तर काका तिला ऐकवायचे, “टकळे, यात माणसांची आतडी-काळजं आहेत. भाजीची पिशवी नाही ही.”

“काका, तुम्ही ना, ते लाटणं उशाशी घेऊनच झोपत जा,” टकळी म्हणायची, आणि काका हसायचे.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

झालं असं, की काकूंच्या भावाकडे जुन्या गाण्यांचा ढीग होता. कुठून कुठून फुकटात उतरवलेला. काकूंनी कधीपासून लकडा लावला होता, ती गाणी मला आणून द्या. एक दिवस सेंटर बंद करायच्या वेळी मेहुण्याचा फोन आला: “दाजी, मी उद्या पहाटे गावाला चाललो, महिनाभर नाही. हवी असतील तर आत्ता पेनड्राइव्ह घेऊन या.” टकळी निघून गेली होती, मॅडम निघून गेल्या होत्या. काकांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि मग लाटण्याकडे बघितलं. एका संध्याकाळचा तर प्रश्न! टोक आत ढकललं, पेनड्राइव्ह खिशात टाकला. गाणी घेतली, घरी काकूंच्या कॉम्प्युटरवर उतरवली, पेनड्राइव्हवरची पुसून टाकली. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पेनड्राइव्ह पुन्हा बांधला. नंतर काउंटरच्या कॉम्प्युटरला लावून बघितला. त्यात ‘फोटो’ नावाचं फोल्डर होतं तसंच होतं, फक्त त्याच्या कोपऱ्यात एक बारीकसा बाण आला होता. काकांनी ते दाबलं. उघडलं. आतले फोटो जागच्या जागी. काका सुटकेचा श्वास टाकून चहा प्यायला गेले.

पुढे काही दिवस काहीच झालं नाही. घरी काकू कामं करताना गाणी लावायच्या आणि काकांना जोरात म्हणायच्या, “माझ्या भावाची निवड बघा!”

मग एका सकाळी निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई काठी टेकत सेंटरमध्ये आल्या. त्यांच्या छातीचा फोटो काकांनीच काढला होता. त्यात एक डाग होता. मुलाने मॅडमना हात जोडून सांगितलं होतं, आईला कळू देऊ नका, रिपोर्ट माझ्या मेलवर पाठवा, मी आणि डॉक्टर बघून घेतो. सगळं तसंच पार पडलं होतं. आणि आता बाई काउंटरसमोर उभ्या राहून विचारत होत्या, “मला एका माणसाचा फोन आला. माझं नाव, वय, कुठल्या बाजूला डाग आहे, किती मोठा आहे, सगळं त्याला पाठ. म्हणाला, औषध हवं तर आधी पैसे पाठवा. पैसे मी देणार नाही, मी काही खुळी नाही. पण मला एवढं सांगा, डाग आहे की नाही?”

टकळीची टकळी पहिल्यांदा बंद पडली. आतल्या दारात उभे असलेले काका तसेच थिजले. बाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना उत्तर मिळालं. खुर्चीत बसून त्या हळूच म्हणाल्या, “घरची माणसं लपवतात आणि चोर खरं सांगतात. काय दिवस आलेत!”

तसे आणखीही पेशंटना फोन गेल्याचं कळलं. मॅडमनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने काउंटरचा कॉम्प्युटर उघडून बराच वेळ बघितला आणि कपाळाला हात लावला.

“वर्म आहे, मॅडम. कीड. ही एकदा पेनड्राइव्हवर बसली की तुमचं खरं फोल्डर लपवते आणि त्याच नावाचं खोटं पुढे ठेवते. तुम्ही ते दाबलंत की हिचं काम सुरू. वर खरं फोल्डरही उघडून देते, म्हणजे तुम्हाला शंका यायला नको. मग जो कॉम्प्युटर दिसेल त्यात शिरायचं, जो पेनड्राइव्ह लागेल त्यावर आपलं पिल्लू सोडायचं. आणि इंटरनेट मिळालं की आतलं सगळं गुपचूप बाहेर पाठवायचं. नावं, नंबर, रिपोर्ट, मेलचा पासवर्ड. तुमचा आतला म्हातारासुद्धा बाधलाय, फक्त त्याला बाहेरची वाट नाही.”

काकांच्या डोळ्यांपुढे तो बारीक बाण आला.

“आली कुठून?” मॅडमनी विचारलं.

“बाहेरून आलेला पेनड्राइव्ह. नाहीतर कोणाचा तरी फोन वायरने जोडला असेल. कोणाच्या हाताने ते मशीन सांगत नाही.”

“पेनड्राइव्ह आमचा एकच, आणि तो बाहेर जाणं शक्यच नाही. काकांची गाठ आहे त्याला.” एवढं बोलून मॅडम टकळीकडे वळल्या. “फोन कोणी लावला होता का या कॉम्प्युटरला?”

आता काका बोलणार होते. खरंच बोलणार होते, जीभ उचलली होती. पण तेवढ्यात टकळी म्हणाली, “मी लावला होता, मॅडम. चार्जिंग संपलं होतं. एकदाच.”

खरं बोलायची खोड काही माणसांना असते आणि तीच त्यांना नडते. मॅडम चिडल्या. नियम माहीत असून फोन लावलास, माणसांची अब्रू वेशीवर टांगलीस, या महिन्यानंतर येऊ नकोस, आणि दुसरीकडे नोकरी मागायला गेलीस तर माझं नाव सांगू नकोस. पोरीचे डोळे घळाघळा वाहायला लागले. आणि काका? काकांनी उचललेली जीभ परत टाळूला लावली.

त्या दुपारी काकांनी स्वतः जाऊन टकळीसाठी चहा आणला. तिच्यापुढे ठेवून म्हणाले, “रडू नकोस. तू नाही केलंस. मला माहीत आहे.”

तिने ओढणीने डोळे पुसले. “खरंच असं वाटतं तुम्हाला?”

“वाटतं काय! छातीवर हात ठेवून सांगतो.”

मग ते रोजचंच झालं. सकाळी चहा, दुपारी चौकशी. डबा खाल्लास का, घरी काय म्हणतात, दुसरीकडे कुठं बघितलंस का. कॉम्प्युटरवाला, बाजूचा औषधवाला, झाडूवाली बाई, सगळे तिच्याकडे तिरक्या नजरेने बघत होते; काका तेवढे तिच्याजवळ बसायचे. त्यांना वाटायचं, एवढं केलं की आतली टोचणी कमी होईल. कसली कमी होते! टकळी जितक्या विश्वासाने त्यांच्याकडे बघायची, तितकी टोचणी वाढायची. आणि समोर खिळ्याला ते लाटणं. घाईत त्यांनी पेनड्राइव्ह चुकून दुसऱ्याच मुठीला बांधला होता. चिकटपट्टी एका टोकाला, सुतळी दुसऱ्या टोकाला. ठळक, डोळ्यात भरेल असं. पण बघतंय कोण? काकांच्या गाठीकडे संशयाने बघायचं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

घरी काकू गाणी लावून भाजी निवडत होत्या. काका एकदम खेकसले, “बंद कर ते!”

“अगंबाई! गाण्यांनी काय घोडं मारलंय तुमचं?”

मग काकांनी सांगितलं. सगळं. पेनड्राइव्ह, बाण, शिक्षिकाबाई, टकळी. ऐकून झाल्यावर काकू उठल्या, गाणं बंद केलं आणि भावाला फोन लावून सांगितलं, की तुझा कॉम्प्युटर आधी कोणाला तरी दाखव. मग पुन्हा भाजीपुढे बसल्या.

“भीती कसली वाटते तुम्हाला? नोकरी जाईल?”

“नोकरीचं काय गं, आज ना उद्या संपणारच आहे. पण सगळे काका काका करतात…”

“तेच ना,” काकू म्हणाल्या. “ते तुमचं काकापण त्या पोरीच्या जिवावर चाललंय सध्या.”

दुसऱ्या दिवशी काका थेट मॅडमच्या खोलीत गेले. टकळी तिथेच होती, चाव्या कोणाकडे द्यायच्या ते विचारत. काका म्हणाले, “मॅडम, ही कीड मी आणली. पेनड्राइव्ह मी घरी नेला होता. या पोरीचा काही संबंध नाही.”

मॅडमनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट मायाच होती. “काका, मला माहीत होतं तुम्ही असं काहीतरी करणार. दुसऱ्याच्या चुकीवर पांघरूण घालायचा तुमचा स्वभावच आहे. पण असं खोटं बोलून तिला वाचवू नका.”

“खोटं नाही हो!”

“काका, राहू द्या,” टकळीही कळवळून म्हणाली. “माझ्यासाठी तुम्ही कशाला डोक्यावर घेता?”

काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माणूस आपलं पाप पदरात घ्यायला येतो आणि लोक त्याला देव करून परत पाठवतात, याहून मोठी फजिती नाही. ते तरातरा बाहेर गेले, खिळ्यावरचं लाटणं काढलं आणि आणून टेबलावर ठेवलं.

“ही मूठ बघा. इथं चिकटपट्टी आहे. इथं इतकी वर्षं सुतळी घासून लाकडात खाच पडली आहे, बोट लावून बघा. आणि आता गाठ कुठं आहे? दुसऱ्या मुठीला. तिथं खाच नाही, काही नाही.” त्यांनी टोक आत ढकललं. गाठ अलगद सुटली. “ही सोडून परत बांधायला दुसऱ्या कोणाला येते, मॅडम? मेहुण्याकडून गाणी आणायला नेला होता मी. गाणी!”

मॅडमनी खाचेवरून बोट फिरवलं आणि तसंच ठेवलं. त्या म्हणाल्या, “शिक्षिकाबाईंकडे मी येणार नाही. त्यांना आणि त्यांच्या मुलाला तुम्हीच जाऊन सांगायचं. तुमचं काय करायचं ते मी नंतर बघते.” मग टकळीकडे वळून म्हणाल्या, “तू कुठं जायचं नाहीस. चुकलं माझं.”

टकळीने मान हलवली, पण तिचं लक्ष मॅडमकडे नव्हतंच. ती काकांकडे बघत होती. काका वाट बघत होते, की ही आता ओरडेल, बोल लावेल, निदान रडेल तरी.

“म्हणजे तुम्हाला माहीतच होतं,” ती म्हणाली. “म्हणून म्हणत होतात होय, तू नाही केलंस म्हणून.”

“चुकलो गं पोरी.”

“मला वाटलं, तुमचा माझ्यावर विश्वास आहे.” तिने चाव्यांचा जुडगा हातातल्या हातात फिरवला. “मी घरी आईला रोज सांगायचे. सगळ्यांनी पाठ फिरवली पण एक काका आहेत. आई देवापुढे माझ्याआधी तुमचं नाव घेते हल्ली. तिला काय सांगू आता?”

बाहेर काउंटरवर कोणीतरी घंटी वाजवली. टकळी डोळे पुसून कामाला गेली. काका टेबलाशी उभे राहिले, एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात सुटलेली सुतळी, आणि ती आता कुठल्या मुठीला बांधायची ते त्यांना सुचेना.