हिरवी खूण

बायको गेली हे त्याला लिफ्टच्या दाराशी कळलं. मुलगा झाल्याचं सांगून जेमतेम दोन तास झाले होते. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "रक्त थांबलंच नाही हो." त्याच्या हातात तिच्या चपला होत्या.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा. काम झालं की आधी स्वतः चढायचं, वर-खाली करून बघायचं, मगच वहीत सही, हा त्याचा नियम. बावीस वर्षांत न चढता त्याने एकदाही सही केली नव्हती.

पंधराव्या दिवशी त्याने तिचा फोन उघडला. नाव नोंदवलं तेव्हा हॉस्पिटलने त्यावर एक चॅटबॉट दिला होता. पोटातल्या बाळाच्या जनुकीय तपासण्या काय असतात, ते तोच समजावून सांगणार. पूर्वी या कामाला एक बाई होत्या. त्यांच्या खोलीत आता पाण्याचे जार ठेवतात.

तिने लिहिलं होतं, "माझे दोन मामा लहानपणी रक्त न थांबल्यामुळे गेले. मलाही पाळीत फार जातं. याचा काही संबंध आहे का?"

खाली उत्तर होतं, "छान प्रश्न विचारलात! या चाचणीत बाळाचे ठरावीक आजार तपासले जातात. अधिक माहितीसाठी डॉक्टरांशी बोला. तुम्हाला सगळं समजलं का?"

त्याखाली दोनच बटणं. 'समजलं' आणि 'पुन्हा सांगा'.

तपासणीच्या दिवशी दोघं दाराबाहेर बसले होते, तो बाक त्याला आठवला. ती त्या बटणांपाशी अडली होती. "समजलं म्हणावं तर समजलं नाही. पुन्हा सांगा म्हटलं तर हा तेच दळण दळतो." तेवढ्यात आत तिचा नंबर पुकारला. "बटणांचं खातं तुझं," ती हसून म्हणाली आणि फोन त्याच्यापुढे धरला. त्याने 'समजलं' दाबलं. हिरवी खूण आली. आत डॉक्टरीणबाईंनी ती खूण पाहिली आणि पुढचं विचारलंच नाही. बायकोनेही विषय काढला नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "लिहिलंय ना मी सगळं. वाचतीलच की."

कुणी वाचलं नव्हतं.

आज तो सासूबाईंना आणि बाळाला घेऊन खिडकीपाशी उभा होता. पोराला तिच्या मामांचाच आजार आहे का, ते रक्त तपासून कळणार होतं.

"आधी चॅटवर माहिती घ्या," खिडकीतली बाई म्हणाली. "हिरवी खूण आली की रक्त घेतील."

"बाई, माझे दोन्ही भाऊ असेच गेले हो," सासूबाई म्हणाल्या. "एकाचा तर नुसता दात पडला होता."

"ते त्यातच लिहा, आजी."

त्याचं डोकं सणकलं. "तिनेही त्यातच लिहिलं होतं! कुणी वाचतं का ते?"

"ते सगळं सर्व्हरवर जातं."

"सर्व्हर बाळंतपण करतो का तुमचा? पाण्याच्या जारला खोली आहे इथे, पोटुशी बाई काय विचारते ते ऐकायला माणूस नाही?"

"आवाज कमी करा. त्यांना समजलं, अशी नोंद आहे आमच्याकडे."

तो म्हणाला, "ते मी दाबलं."

बाईने खिडकीतून टॅबलेट पुढे सरकवला. पडद्यावर तीच दोन बटणं.

"दाबा ना जावई," सासूबाई म्हणाल्या. "पोराचं काम अडलंय."

"एकदा दाबलंय, आई." त्याने बायकोचा फोन काचेपाशी उघडून ठेवला. "हे डॉक्टरांनी वाचायचं. मामांचं सगळं पोराच्या कागदावर हाताने लिहायचं. मग काय ते दाबतो."

"मोठ्या डॉक्टर मॅडम मीटिंगमध्ये आहेत."

"मग बसतो."

ते बाकावर बसले. बाळ झोपलं होतं, जागं झालं, रडलं, पुन्हा झोपलं. खिडकी बंद झाली. मॅडम आल्या नाहीत. तिचा प्रश्न अजून कुणी वाचलेला नाही, आणि बाळाचं रक्त घ्यायचं राहिलंय.