वर जाऊन बघून या

जालन्यात जुन्या मोंढ्याजवळ सोहनलालचं टीव्हीचं दुकान आहे, आणि दुकानाच्या वरच घर. मोठ्या कंपनीचे टीव्ही काचेत मांडलेले असतात, पण खपतो तो राजकिरण. नाव कुणी ऐकलेलं नसतं, किंमत मात्र निम्मी. गिऱ्हाईक घुटमळलं की सोहनलाल जिन्याकडे बोट दाखवायचा.

"माझ्या घरीपण हाच आहे. वर जाऊन बघून या, चहा पिऊन या."

ते खरं होतं. त्याची बायको प्रेमबाई कितीदा चिडली, "दुकान आपलं आणि घरात हे डबडं?" पण त्यानं भिंतीवरचा राजकिरण हलवला नाही. त्याच्या सगळ्या जाहिरातीपेक्षा ती भिंत जास्त माल विकायची.

मुलगी रितिकाला बघायला अकोल्याचे लोक येणार ठरलं, तेव्हा मात्र प्रेमबाईनं ऐकलं नाही. मुलाचे वडील घरातल्या वस्तूंवर कंपनीची नावं बघणारे, असं मध्यस्थानं सांगितलं होतं. "लेकीचं स्थळ जाऊ द्यायचं का तुमच्या हट्टापायी?" मयंकनं, त्याच्या मुलानं, काचेतला सगळ्यात महागडा टीव्ही वर नेऊन लावला. राजकिरण गोदामात गेला.

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी टीव्हीवरचं नाव वाचलं आणि मान हलवली. "चॉइस चांगली आहे तुमची."

प्रेमबाईनं नवऱ्याकडे बघितलं. कचोरी आली, रितिका येऊन बसली, गोष्टी जुळत चालल्या.

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. दुकानातल्या नोकराला कुणी सांगितलंच नव्हतं. गिऱ्हाईक अडलं, त्यानं रोजच्यासारखं वर पाठवलं. दारात हसनाबादचा मच्छिंद्र उभा होता. त्याच्या शब्दावर निम्म्या हसनाबादनं राजकिरण नेला होता. मागं त्याचा साडू, अंतरवालीचा.

"राम राम शेठ! पाव्हणे आलेत व्हय? दोनच मिनिटं. ह्ये आमचे साडूभाऊ, लई शंकेखोर. म्हणून राह्यलेत, असल्या नावाचा टीव्ही शेठ सोता कशाला वापरतील? म्हणलं चला, डोळ्यानं बघा."

साडूनं भिंतीकडे बघितलं. "भाऊ, ह्यो तर दुसराच हाय की."

मच्छिंद्र हसतच वळला आणि थांबला. "शेठ, आपला राजकिरण कुठं गेला? मागल्या खेपेला आल्तो तवा हितंच व्हता."

"राजकिरण?" मुलाच्या वडिलांनी कचोरी बशीत ठेवली. "ही कोणती कंपनी?"

रितिकानं मान खाली घातली. दुरुस्तीला टाकलाय, एवढं म्हणता आलं असतं. सोहनलालला ते नंतर जिन्यात सुचलं. त्या क्षणी त्याला फक्त पाहुण्याची उंचावलेली भुवई दिसत होती.

"गावाकडच्या लोकांसाठी ठेवावा लागतो, शेठजी," तो हसून म्हणाला. "आपल्या घरात कोण लावतं?"

पाहुणेही हसले. मच्छिंद्र हसला नाही. प्रेमबाईनं सवयीनं त्याच्यापुढे चहा धरला होता. त्यानं हात जोडले.

"र्‍हाऊ द्या, ताई. चला साडूभाऊ. आपल्यासाठीचा खाली हाय."

खालीही तो थांबला नाही. नोकर हाका मारत राहिला.

स्थळ जमलं. पाहुणे गेल्यावर सोहनलाल म्हणाला, "आता जुना लाव रे परत."

"कसा लावणार?" प्रेमबाई म्हणाली. "व्याही आता येत-जात राहणार. आणि आज काय बोललात ते आठवतंय ना?"

मयंकनं जिन्याच्या दाराला दुकानाच्या बाजूनं कडी घातली. आता गिऱ्हाईक वर नको.

पुढच्या आठवड्यात राजूरचं एक तरुण जोडपं आलं. मोठ्या नावाच्या टीव्हीसमोर बायको बराच वेळ उभी राहिली, किंमत ऐकून नवऱ्यानं तिला राजकिरणकडे वळवलं. तिचं तोंड उतरलं.

"टिकंल का हो ह्यो?" नवऱ्यानं विचारलं. "तुमच्या घरी कोणता हाय, शेठ?"

सोहनलालनं तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय जिभेवर तयारच होती.

"हाच."

"मंग बघायचं काय राह्यलं? बांधा."

बायकोचाही चेहरा जरा फुलला. नोकर खोक्याला सुतळी बांधू लागला. वाक्य पूर्वी खरं असताना जसं चालायचं, तसंच आजही चाललं. कुणालाच फरक कळला नाही.

सोहनलालनं जिन्याच्या दाराकडे बघितलं. कडी नीट लागलेली होती.