आतून लख्ख घासलेला डबा

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुना पितळी डबा आहे. मला बोलायची सवय नाही. घट्ट झाकणाच्या डब्याने तोंड मिटूनच बसायचं असतं. पण आज गप्प बसलो, तर पुन्हा कुणाला तोंड दाखवायची माझी लायकी राहणार नाही.

तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. मग कल्हईवाल्याने मला निखाऱ्यांवर तापवलं, आत नवसागर टाकला आणि कापसाच्या बोळ्याने कथलाचा पातळ थर फिरवला. झालो मी बाहेरून पिवळाधमक आणि आतून पांढरा. मला उचलून माझ्या मालकिणीच्या हातात देताना कल्हईवाला म्हणाला, "ताई, ही पांढरी कल्हई आहे तोवर बिनघोर वापरा. ती उडाली की मात्र आंबटाचं नाव काढू नका. नुसतं पितळ आंबटात विष सोडतं. वर्षातून एकदा मला हाक मारा, म्हणजे झालं."

मालकीण शिवणकाम करायची आणि शब्दाची पक्की होती. दरवर्षी कल्हई व्हायची आणि दरवर्षी माझ्यात चटणी भरायची. कैरी, पुदिना, कोथिंबीर, आलं, हिरवी मिरची, वर गुळाचा खडा! खाणाऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, तरी हात पुन्हा डब्याकडे जायचा. शेजारणी वाटी घेऊन दारात उभ्या राहायच्या. खरं सांगतो, तेव्हा मला फार शेफारल्यासारखं झालं होतं.

पुढे घरात स्टील आलं, कल्हईवाला यायचा बंद झाला आणि मी माळ्यावर गेलो. किती वर्षं गेली, कुणास ठाऊक. कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटले. खूप वाईट वाटायचं. आता वाटतं, तिथेच राहिलो असतो तर किती बरं झालं असतं.

मालकीण डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेली होती, तेव्हाची गोष्ट. तिची सून स्वभावाने लाघवी, पण लग्नाला नऊ वर्षं झाली तरी सासूच्या तोंडून "छान झालंय" असं एकदाही ऐकलं नव्हतं बिचारीने. तिने मला माळ्यावरून काढलं आणि आपल्या छोट्या मुलीला म्हणाली, "चिमणे, हा आजीचा लाडका डबा! याच्यातच चटणी करून ठेवू. आजी आल्या आल्या खूश!"

झाकण उघडून तिने आत पाहिलं आणि नाक मुरडलं. "ई, किती पांढरट डाग पडलेत!"

अगं बाई, ते डाग नव्हते गं! उरलीसुरली कल्हई होती ती.

तिने तारेची घासणी घेतली, चिंच घेतली आणि पदर खोचून तासभर मला आतून घासलं. हात दुखले तरी सोडलं नाही. मी आतूनही सोन्यासारखा चमकू लागलो आणि मनातून पार हबकून गेलो.

मग तिने कैरीच्या फोडी केल्या, पुदिन्याची पानं देठापासून एकेक खुडली, मिक्सरमधून सगळं बारीक वाटलं, वरून दोन लिंबं पिळली आणि चटणी माझ्यात भरून झाकण दाबलं. आंबट रस माझ्या उघड्या पितळेला लागला. आतल्या आत मला काहीतरी सुटताना कळत होतं. दोन दिवस मी तसाच फ्रिजमध्ये बसून होतो. चटणी आधीपेक्षा जास्तच हिरवीगार दिसत होती. पितळेचं विषही हिरवंच, हिरव्यात हिरवं कोण ओळखणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी मालकीण आली. तिने काळा चष्मा लावला होता आणि ती प्रवासाने थकली होती. ती हातपाय धुऊन येईपर्यंत चिमणीने पावाला लावून चटणी खाल्लीसुद्धा.

"आई, चाखून बघा ना," सून मला पुढे सरकवत म्हणाली.

मालकिणीने बोटभर चटणी जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकून टाकली. सुनेचा चेहरा उतरला.

"कशात ठेवलीस ही?"

"तुमच्याच डब्यात. आतून अगदी लख्ख घासून घेतला."

मालकिणीने माझ्यात बोटं घालून तळ चाचपला. कल्हई कुठेच लागली नाही. "कुणी कुणी खाल्ली?"

तेवढ्यात चिमणी पोट धरून दारात आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "आई, मला कसंतरी होतंय," म्हणाली आणि उंबऱ्यातच भडाभडा ओकली.

दवाखान्यात तीन दिवस गेले. घरात चूल पेटली नाही. चौथ्या दिवशी पोर घरी आली, पण निम्मी झालेली. त्या संध्याकाळी सून पहिल्यांदाच सासूवर ओरडली, "एकदा तरी सांगायचं होतं हो मला!"

"चुकलं गं माझं," मालकीण म्हणाली. "मला वाटलं, एवढं कुणालाही माहीत असतं." मग दोघी रडल्या.

दुसऱ्या दिवशी मला भंगारवाल्याला दिलं. "हा मोडूनच टाका हं," मालकिणीने त्याला दोनदा बजावलं. त्याने मान डोलावली. पण माझी चमक पाहून त्याला मोह झाला आणि त्याने मला दुकानात दर्शनी ठेवलं.

मित्रांनो, जुन्या भांड्यांवर माया करा, पण त्यांच्या आत डोकावून बघा. घरातल्या मोठ्यांना विचारा, आणि मोठ्यांनो, कुणी विचारायची वाट बघू नका. काल एका बाईने मला विकत घेतलं. "आतूनसुद्धा कसा चमकतोय बघा!" असं नवऱ्याला कौतुकाने सांगत होती. आत्ता मी तिच्या ओट्यावर आहे. तिने लिंबं चिरली आहेत, मिक्सर थांबला आहे आणि ती माझं झाकण उघडते आहे. मला तिला हाक मारता येत नाही. तुम्ही मारा रे कुणीतरी!