एकाच गॅसचे दोन कप्पे

उल्का हट्टी, हे उत्तरेकडच्या चंडीमंदिर लष्करी छावणीतल्या झाडून साऱ्या मराठी घरांना ठाऊक होतं. पण अठ्ठ्याऐंशी साली, अतिरेक्यांनी पुकारलेल्या त्या बंदच्या सकाळी तिनं सायकल बाहेर काढली, तेव्हा तिचे बाबा, मेजर जयंतराव, फाटकात आडवेच उभे राहिले.

"वर्ष गेलं तरी चालेल, पोरगी जायला नको," ते म्हणाले. "परीक्षेला बसू देत नसतील, तर सरळ साताऱ्याला आत्याकडे जा."

पेच खराच होता. कधी कर्फ्यू, कधी बंद, बसचा पत्ता नाही. एमएस्सीची हजेरी पार ढासळली होती. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स शिकवणाऱ्या धिंग्रा सरांनी एकच वाट ठेवली होती. आज अकरा वाजता, वही न बघता, गॅसच्या एन्ट्रॉपीचं, म्हणजे रेणूंच्या किती मांडण्या होऊ शकतात त्या मापाचं, सूत्र फळ्यावर सिद्ध करायचं. जमलं तर परीक्षेच्या फॉर्मवर सही. फॉर्मची उद्या शेवटची तारीख.

"बाबा, तुम्ही कधी ड्यूटी चुकवलीत?" तिनं विचारलं. बाबा बाजूला झाले, पण त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

विद्यापीठापर्यंत बारा किलोमीटर, तीन नाके. प्रत्येक नाक्यावर पिशवी उपसून दाखवायची. भीती वाटली? वाटली की! पण पायडल काही थांबलं नाही.

वर्गात सर एकटेच. तिनं खडू उचलला आणि फळा भरून टाकला. शेवटच्या ओळीला तिनं सूत्र पडताळून पाहिलं. एकाच गॅसचे दोन सारखे कप्पे. मधली भिंत काढली तर काहीच बदलायला नको. हिच्या गणितात मात्र एन्ट्रॉपी चक्क वाढली होती! अगं बाई, हिनं प्रत्येक रेणूला शाळेतल्या पोरांसारखा हजेरी नंबर दिला होता. दोघांनी जागा बदलल्या की नवी मांडणी म्हणून मोजली. एकसारखे रेणू कसले ओळखू येतायत!

सर खिडकीबाहेर बघत होते. शेवटच्या ओळीत गुपचूप एक भागाकार घुसडून उत्तर जुळवता आलं असतं. तिनं डस्टर घेतलं आणि अख्खा फळा पुसला.

"चुकलं, सर. पहिल्यापासून करते."

"बेटा, बाराला इमारत बंद होणार."

"मग भरभर करते."

या खेपेला रेणूंना नंबर दिले नाहीत; भिंत काढली, वाढ शून्य. तिचा जीव भांड्यात पडला. सरांनी पेनचं टोपण काढलं, पण हात तसाच धरून ठेवला.

"आणि परीक्षेच्या दिवशी बंद असला तर?"

"आजही आहेच की, सर," उल्का म्हणाली.

सरांनी सही केली.