दालोच्या अंगातलं विष

नासोकेला या बेटावरच्या गावाच्या सभाघरात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. चटयांवर सगळं गाव मांडी घालून बसलेलं. मधोमध एक निळं प्लास्टिकचं घमेलं, घमेल्यात कोमट पाणी आणि पाण्यात उलामिला म्हातारीचे पाय. पाण्यातून निघालेली वायर एका डब्यात जात होती. डब्यावर तीन रंगांचे दिवे लुकलुकत होते आणि डब्यामागे उभे होते डॉक्टर इलाइटिया. अंगात पांढरा कोट, गळ्यात ब्रिस्बेनचं सर्टिफिकेट. त्यावर काय लिहिलंय ते गावात कुणी वाचलं नव्हतं, पण लॅमिनेशन मात्र एक नंबर होतं.

डॉक्टरांनी कोटाच्या खिशातून चिमूटभर पांढरी भुकटी काढून पाण्यात सोडली. "हे हिमालयातलं स्फटिक. शरीराची दारं उघडतं. आता बघा!"

पाणी आधी पिवळं झालं, मग नारिंगी, मग गढूळ तपकिरी. वर फेस आला.

"नारिंगी म्हणजे मूत्रपिंडातलं विष," डॉक्टर म्हणाले. "तपकिरी यकृतातलं. आणि हा काळा तवंग दिसतोय ना? आजी, घरात कुणी तुमच्यावर जळतं का?"

"माझी जाऊ!" उलामिला ताडकन म्हणाली.

"ती बघा, निघाली जाऊ!"

गावानं टाळ्या वाजवल्या. जाऊबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनीही वाजवल्या. न वाजवून सांगतात कुणाला?

दारात उभी असलेली तोकासा तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती उलामिलाची भाची, आणि जवळच्या शहरात नगरपालिकेच्या ग्राहक आणि व्यापार कचेरीत नोकरीला. बाजारातले काटे तपासायचे, गाळेवाल्यांना परवाने मिळवून द्यायचे, फसलेल्यांच्या तक्रारी घ्यायच्या, हे तिचं काम. थोडक्यात, जिच्यावर सगळे वैतागतात ती बाई. पण आज तिची नजर घमेल्यावर नव्हती, आत्याच्या उजव्या पायावर होती. अंगठ्याची जखम काळी पडली होती आणि तिचा वास दारापर्यंत येत होता. आत्याला साखरेचा आजार. पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं की दवाखान्याच्या गोळ्या हेच खरं विष, आणि त्या दिवसापासून गोळ्यांची बाटली फळीवर पडून होती.

तोकासाचं डोकं सणकलं. हातात फाइल घेऊन ती तरातरा आत शिरली आणि बसलेल्या लोकांच्या डोक्यावरून बोलायला लागली. "तुमचा परवाना दाखवा! कुठल्या कायद्यानं औषधोपचार करताय?"

गावचे मुखिया पेनिओनी यांनी मान वर केली.

"पोरी, तू कुणासमोर उभी आहेस?" त्यांनी शांतपणे विचारलं. "या माणसानं आल्या दिवशी रिवाजाप्रमाणे आमच्यासमोर यांगोनाच्या मुळ्या भेट ठेवल्या. आम्ही त्या टाळी वाजवून घेतल्या. तो गावाचा पाहुणा आहे. तू काय आणलंस? फाइल?"

"काका, हिच्या पायाकडे तरी बघा!"

"तू गप गं!" आत्याच खवळली. "दोन महिने झाले, माझ्या खोबरेल तेलाचं लेबल अडवून बसलीयेस आणि आता माझा डॉक्टरही अडव!"

लेबल अडवलं होतं हे खरं. आत्यानं त्यावर सतरा आजारांची नावं छापली होती आणि सतराही या तेलानं बरे होतात असं म्हटलं होतं.

"सरकारचं हे असंच असतं," डॉक्टर दुःखी आवाजात म्हणाले. "गरिबाचं भलं बघवत नाही."

तोकासा बाहेर पडली. बसमध्ये तिला डॉक्टरापेक्षा स्वतःचाच राग जास्त येत होता. आठ वर्षं कचेरीत काढली आणि सभाघरात कसं शिरायचं तेच विसरली! त्या लबाडाला मात्र ते पक्कं ठाऊक होतं. एक जुडी मुळ्या ठेवायच्या, की पाहुण्याला प्रश्न विचारणं म्हणजे मुखियाचा अपमान.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. या वेळी कमरेला गुंडाळलेल्या सुलूचा घोळ सावरत, वाकून, "तुलो, तुलो" अशी माफी मागत ती लोकांमधून पुढे सरकली आणि यांगोनाची जाडजूड जुडी तिनं पेनिओनींसमोर ठेवली. कालच्या उद्धटपणाची क्षमा मागितली. पेनिओनींनी जुडी उचलून घेतली. मग त्यांनी ओंजळीची टाळी वाजवली आणि गावानंही वाजवली. आता तोकासाही पाहुणी झाली.

"काका, एक रोगी आणलाय," ती म्हणाली. "डॉक्टरांकडून त्याला आंघोळ घालायचीय."

तिनं पिशवी उघडली. आतून निघाला दालोचा, म्हणजे अळूचा, भलामोठा कंद, मुळांना माती चिकटलेली.

पोरंसोरं फिदीफिदी हसली. डॉक्टर हसले नाहीत.

"हा विज्ञानाचा अपमान आहे! यंत्र माणसाच्या प्राणशक्तीवर चालतं."

"मग तर बरंच झालं. पाणी स्वच्छ राहिलं तर मी सगळ्यांसमोर तुमचे पाय धरीन आणि परवाना स्वतः घरी आणून देईन."

"न्याय्य बोलतेय," पेनिओनी म्हणाले. "घाला आंघोळ."

डॉक्टरांनी ताजं पाणी ओतलं, दालो बुडवला, बटण दाबलं. दिवे लुकलुकले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाणी नितळच्या नितळ.

"पाहिलंत?" डॉक्टरांचा आवाज परत चढला. "प्राण नाही, तर विष नाही!"

टाळ्या सुरू झाल्या. तोकासाच्या तोंडचं पाणी पळालं. आपलं कुठे चुकलं तेच तिला कळेना.

"थांबा जरा," उलामिला म्हणाली. चाळीस वर्षं बाजारात बसलेली बाई ती, समोरच्याचा हात कुठे जातो आणि कुठे जात नाही ते तिला बरोबर दिसायचं. "डॉक्टर, माझ्या पाण्यात तुम्ही ते पांढरं टाकता. आज नाही टाकलंत."

"ते... ते फक्त माणसांसाठी असतं, आजी."

"बघू." तिनं हात लांब करून सरळ त्यांच्या खिशात घातला आणि बोट चाटलं. तिचा चेहरा बदलला. "अगं बाई, हे तर मीठ! माझ्या चुलीपाशी आहे ते!"

कुणी काही म्हणायच्या आत तिनं मूठभर मीठ घमेल्यात फेकलं. पाणी पिवळं झालं, मग नारिंगी, मग गढूळ तपकिरी. दालोच्या अंगावर फेस चढला.

"अरेरे! यकृत पार गेलंय बिचाऱ्याचं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"दालो जमिनीतलं विष शोषून घेतो," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. "खतं, फवारे..."

"मग घमेल्यात काहीच ठेवू नका," पेनिओनी म्हणाले.

पुन्हा ताजं पाणी, पुन्हा मीठ. दालो नाही, पाय नाहीत, कुणीच नाही. पाणी पुन्हा तपकिरी, वर काळा तवंग.

"घमेल्यालाही जाऊ आहे वाटतं!" तिसऱ्या रांगेतून जाऊबाई कडाडल्या आणि सभाघर हसून हसून लोळलं.

तोकासानं बटण बंद केलं, वायर ओढली आणि तिच्या टोकाचा पाण्यातला तुकडा हातात धरून सगळ्यांना दाखवला. लोखंडाच्या दोन पट्ट्या, कडेनं कुरतडल्यासारख्या.

"तुमच्या घरावरचा पत्रा खाऱ्या वाऱ्यात किती टिकतो? होडीचे खिळे किती टिकतात?" तिनं विचारलं. "तेच आहे हे. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड भराभर गंजतं आणि पाण्यात उतरतं. साधं पाणी वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून मीठ हवं. मघाशी मला तेच कळत नव्हतं. पंधरा दिवस तुम्ही गंजात पाय बुडवून बसलात. विषबिष काही निघत नव्हतं."

लोक हसत होते, डॉक्टरला नावं ठेवत होते. मला पहिल्या दिवसापासून संशय होता, असं म्हणणारे तर एकदम तीसेक निघाले. उलामिला तेवढी हसत नव्हती. ती आपल्या काळ्या अंगठ्याकडे बघत होती.

"तोकासा," ती हळूच म्हणाली, "मग माझ्या पायातलं विष?"

"ते पायातच आहे, आत्या."

म्हातारीनं तिचा हात घट्ट धरला. तिला इतकं घाबरलेलं तोकासानं कधी पाहिलं नव्हतं. तासाभरात मालाच्या ट्रकमधून दोघी इस्पितळाच्या वाटेला लागल्या. यंत्राला कचेरीचं सील लागलं आणि डॉक्टर इलाइटिया 'आपण फक्त आरोग्य सल्लागार आहोत' हे पोलिसांना समजावून सांगायला गेले.

इस्पितळात उलामिलाच्या पायाची अंगठ्यासकट दोन बोटं कापावी लागली. आणखी आठवडा गेला असता तर गुडघ्यापासून पाय गेला असता, असं तिथल्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या. त्यांच्या गळ्यात सर्टिफिकेट नव्हतं.

चौथ्या दिवशी पेनिओनी खाटेपाशी येऊन जमिनीवर बसले. त्यांनी मुळ्यांची जुडी पुढे ठेवली.

"मी त्याला पाहुणा म्हणून घेतलं, उलामिला. पाहुण्याला विचारणार कसं? गावाचा मान जातो."

उलामिलानं जुडीवर हात ठेवला आणि क्षमा केली. मग पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला पाय थोडा वर उचलला.

"पाहुण्याला चटई द्या, जेवू घाला, सगळा मान द्या," ती म्हणाली. "पण तो औषध विकायला लागला की विचारायचं. आधी आमच्या पायांशिवाय करून दाखव म्हणायचं. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही. विचारल्यानं कुणाचा मान गेलेला मी पाहिला नाही, पेनिओनी. माझी ही दोन बोटं मात्र न विचारल्यानं गेली."